इथे न चालणारा दाखला

ताईचे केस जाताहेत हे आईला सगळ्यात आधी कळलं, तेही केर काढताना. आम्ही नारायणगुड्यात राहायचो, एका मोठ्या घराच्या मागच्या अंगणात बांधलेल्या दोन खोल्यांत. केरात रोज केसांचा गुंताडा निघू लागला. आई म्हणाली, अभ्यासाची उष्णता आहे, आणि तिने खोबरेल तेलात मेथ्या उकळल्या. मग एकदा मी ताईचं फिजिक्सचं पुस्तक उघडलं, तर पानापानांत केस होते, मुळासकट, एकाशेजारी एक नीट मांडलेले. मी पुस्तक मिटलं आणि कुणाला काही बोलले नाही. न बोलण्याची मला तेव्हा सवय लागली होती, कारण दोनच महिन्यांपूर्वी अण्णांनी मला एक गोष्ट पोटात ठेवायला दिली होती.

अण्णा म्हणजे आमचे वडील. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिष्यवृत्तीवर शिकून ते सिकंदराबादला सरकारी नोकरीत लागले आणि हैदराबादचे झाले. आम्ही दोघी बहिणी जन्मलो इथेच. आम्ही बौद्ध, त्यामुळे घरात देव्हारा नव्हता, उपासतापास नव्हते, मांजर आडवं गेलं तर अण्णा मुद्दाम त्याच वाटेने जायचे. सगळी श्रद्धा त्यांनी एका जागी गोळा करून ठेवली होती, ती म्हणजे शिक्षण. ताप आला तरी पुस्तक, पाहुणे आले तरी पुस्तक. मी चिडून एकदा म्हटलं होतं, अण्णा मेल्यावरही हजेरी घेतील. आईने पाठीत धपाटा घातला, पण हसली.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. शहरात रोज काहीतरी नवं उघडत होतं: कॉम्प्युटरचे क्लास, परदेशी कपड्यांची दुकानं, घराघरांवर केबलच्या वायरी. आमच्या घरमालकिणीचा मुलगा कसलासा कोर्स करून अमेरिकेला गेला, आणि तिथल्या गाडीचा फोटो तिने इतक्या जणांना दाखवला की त्याचे कोपरे मऊ पडले. रस्त्यात भेटणारी माणसं आता ‘खैरियत’ विचारायची नाहीत, ‘रँक कित्ता आया’ विचारायची. ज्यांच्या घरात रँक नव्हता ते दुसऱ्या रस्त्याने जायचे. सगळ्यांना एकाएकी वाटायला लागलं होतं की दार उघडलं आहे आणि ते लवकरच बंद होणार आहे. अण्णांनाही तसंच वाटत होतं. आमच्यासाठी तर ते पहिल्यांदाच उघडलं होतं, म्हणून त्यांना जास्तच घाई होती.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मला ती ‘ढब्बू’ म्हणायची, घरमालकिणीची नक्कल करायची, आणि हसताना तिच्या नाकातून फुर्रकन आवाज यायचा, मग त्या आवाजालाच आम्ही दोघी पुन्हा हसायचो. दहावीत ती शाळेत पहिली आली. अण्णांनी शंभरदा सांगितलं की डॉक्टर व्हायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, आणि शंभर वेळा सांगितल्यावर तिने ठरवलं की डॉक्टर व्हायचं.

तिचं कॉलेज दिलसुखनगरला होतं. साड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या वरचे तीन मजले म्हणजे कॉलेज. सकाळी साडेसहाला वर्ग सुरू, संध्याकाळी सातला सुटका, मध्ये जेवायला वीस मिनिटं. दर शनिवारी परीक्षा आणि सोमवारी सकाळी जिन्यात यादी. यादीप्रमाणे बाक बदलायचे. पहिल्या दहा जणी पहिल्या बाकांवर, आणि शेवटच्या ज्या, त्यांच्याकडे शिकवणारेही बघायचे नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी सोमवारी सकाळी जिन्यात उलट्या करायच्या, आणि खालचा साडीवाला ओरडायचा की गिऱ्हाईक येतं. ताई हे आम्हाला गंमत म्हणून सांगायची. पहिल्या वर्षी तरी.

प्रवेशाच्या अर्जावर अण्णांनी जातीचा रकाना ठळक अक्षरांत भरला होता. ताई कुरकुरली. अण्णा म्हणाले, “लपवायचं काहून? चोरी केली का आपण?” फायलीतून तालुक्याचा दाखला काढून त्यांनी त्याची प्रत जोडली. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजने कसल्याशा फॉर्मसाठी एक यादी फळ्यावर लावली, आणि काही नावांपुढे इंग्रजीत दोन अक्षरं टाकली. ताईच्या नावापुढे ती होती.

त्या दिवसापासून तिच्या बाटलीतलं पाणी कुणी मागितलं नाही. भांडण कुणी केलं नाही, शिवी कुणी दिली नाही. फक्त तिला जास्त मार्क पडले की एखादी हसून म्हणायची, “नीकेंटि, सीटु वच्चेस्तुंदि.” म्हणजे तुला काय बाई, तुला सीट मिळूनच जाईल. कमी पडले तरी तेच वाक्य. ताईने घरी सांगितलं तेव्हा अण्णा भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, “मार्कांनी उत्तर दे त्यांना.” मार्क तर ती आधीच मिळवत होती. उत्तर मात्र कुणी ऐकत नव्हतं.

एक मैत्रीण उरली होती. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका तेलुगू माणसाची मुलगी, तिच्याच बाकावरची. डबा दोघी एकत्र खायच्या. त्या मुलीचा बाप मार्क कमी पडले की पट्ट्याने मारायचा, हे ताईला तिच्या दंडावरून कळलं होतं. एका सोमवारी ताई यादीत तिच्या दोन नंबर पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी सुजलेले डोळे घेऊन आली आणि म्हणाली, “तू माझ्या पुढे असलीस काय आणि मागे असलीस काय, माझी सीट तुलाच जाणार.” एवढंच. मग तिने नेहमीसारखा डबा उघडला आणि चिंचभातातला निम्मा भात ताईला दिला.

ते वाक्य ताईच्या डोक्यात घर करून बसलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत अण्णा मला घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. प्रवेश परीक्षेच्या अर्जाला इथल्या अधिकाऱ्याचा जातीचा दाखला लागत होता. मला नेलं ते तेलुगूसाठी. अण्णांचं दख्खनी फर्डं होतं, पण तेलुगू फॉर्म वाचता यायचा नाही, आणि मला शाळेत तेलुगू होतं. मी सातवीत होते. नवा फ्रॉक घालून, सगळे फॉर्म छातीशी धरून, मी मोठ्या तोऱ्यात गेले होते.

कारकून म्हातारा होता, चांगला होता. त्याने आमचा दाखला उलटसुलट पाहिला. “ये तो मराठी में है,” म्हणाला. अण्णांनी वाचून दाखवला. तो मान हलवत राहिला.

“साब, ये महाराष्ट्रा का है. इधर नै चलता.”

“मी वीस वर्षांपासून इथे आहे. मुली इथे जन्मल्यात,” अण्णा म्हणाले, अर्थात त्यांच्या हिंदीत.

“बच्ची इधर की है साब, मगर जात उधर की है. कानून है. मैं क्या करूं?”

भिंतीवरचा तेलुगू कागद त्याने मला वाचायला सांगितला. मी मोठ्याने वाचला आणि अर्थ सांगितला. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना सवलत त्यांच्या मूळ राज्यात, इथे नाही. अण्णांनी विचारलं, मग तिला तिकडे बसवू का? कारकून म्हणाला, तिकडे म्हणतील दहावी-बारावी इकडची, इकडेच जा. इकडे आड, तिकडे विहीर. अण्णांनी दाखला घडी करून खिशात ठेवला, त्याला नमस्कार केला, आणि आम्ही बाहेर आलो. बसस्टॉपपर्यंत ते माझ्यापुढे भराभर चालत राहिले.

तिथे त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला. स्वतः घेतला नाही. मग म्हणाले, “ताईला सांगायचं नाही. परीक्षा होईपर्यंत तर मुळीच नाही.”

“काहून?” मी विचारलं.

“मी परीक्षेला बसायचो ना, तेव्हा मला माहीत असायचं की माझ्या पाठीशी काहीतरी आहे. म्हणून मी घाबरलो नाही. तिलाही वाटू दे. ते आहे असं समजून ती लिहील, आणि ओपनमध्ये लागेल. तेवढी हुशार आहे ती.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू शहाणी आहेस म्हणून तुला सांगतोय. आईलाही नको. अर्ज मीच भरीन.”

आज मला त्या माणसाचा राग येतो आणि कीवही येते. त्याने विचार करूनच हे केलं होतं. त्याला जे वाचवून गेलं तेच तो मुलीला देत होता, फक्त ते खोटं होतं. आणि ज्या गोष्टीचा तिला आधार वाटेल असं तो समजत होता, तीच गोष्ट तिला आतून खात होती. हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक व्हायला आणखी दोन महिने लागले.

ते केस सापडल्यानंतरची गोष्ट. आम्ही दोघी दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. रविवार होता, कॉलेज फक्त अर्धा दिवस. ताईच्या भांगाजवळ रुपयाएवढी जागा उघडी पडली होती आणि ती झाकायला तिने ओढणी घेतली होती. एकाएकी ती म्हणाली, “ढब्बू, मी तिची सीट खाणार गं.”

“कुणाची?”

“तिची. गिरणीवाल्यांची. मला माहीत आहे, आणि माहीत असून मी अभ्यास करते. चोर निदान उपाशी असतो म्हणून चोरी करतो. तिचा बाप तिला मारून टाकील. मला झोपच येत नाही. पुस्तक उघडलं की तिचा दंड दिसतो.”

तोंडात आलं होतं माझ्या. ताई, तुला कोटा नाहीच. तू कुणाचं काही खात नाहीस, तू त्या सगळ्यांसारखीच उघड्यावर आहेस. एवढं एक वाक्य. मी काय केलं, तर आईचा परकर दोरीवरून ओढला आणि म्हटलं, “काहीतरीच काय बोलतेस!” अण्णांची भीती होती हे खरं. पण त्याहून मोठं खरं सांगते, मला मनातल्या मनात मिरवायचं होतं. मोठ्या माणसाचं गुपित माझ्याकडे होतं, हुशार ताईला ठाऊक नसलेलं मला ठाऊक होतं. बारा वर्षांच्या पोरीचा तो क्षुद्र आनंद होता आणि तो मी सोडला नाही.

त्यानंतर ती झपाट्याने खाली गेली. ताटात वाढून घ्यायची आणि अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवायची. आईने विचारलं तर म्हणायची, “कुणाला तरी लागेल.” चटईच्या कडेला अंग चोरून निजायची, मधली जागा रिकामी. डबा सगळाच्या सगळा त्या मैत्रिणीला देऊन टाकायची. आंघोळ तीन-तीन दिवस नाही. एकच पान दोन तास. सोमवारच्या यादीत ती तिसऱ्या बाकावर गेली, मग सातव्या, मग भिंतीपाशी. कॉलेजने अण्णांना बोलावून सांगितलं की मुलगी आळशी झाली आहे, सिनेमाबिनेमाचा नाद लागला असेल, केबल बंद करा. आमच्याकडे टीव्हीच नव्हता.

घरमालकीण आईला म्हणाली, “बच्ची पे किसी की नजर है अम्मा. दर्गे कू लेके जाओ, धागा बंधवाओ. कायकू देर करते?” आई तयार झाली. अण्णा भडकले. “सगळं सोडलं ते परत दोऱ्यात अडकायला?” आई एरवी त्यांच्यापुढे बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. “तुमचं सोडलेलं तुमच्यापाशी ठेवा. माझं लेकरू हातचं चाललंय.” अण्णा खाली बसले. मग म्हणाले, “डॉक्टरकडे नेतो. मनाच्या डॉक्टरकडे.” हे म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज समजतं. हैदराबादेत कुणाला वेड लागलं की वेड्यांच्या इस्पितळाच्या मोहल्ल्याचं नाव घेऊन लोक हसतात, आणि अण्णांच्या कचेरीतही तसेच हसत. आमच्या जातीवरून आधीच जे टोमणे बसायचे, त्यात ही भर.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डॉक्टर सिकंदराबादचा शोधला. ताई माझा हात सोडेना म्हणून मीही गेले. डॉक्टर शांत माणूस होता. त्याने ताईला हिंदीत विचारलं, काय होतंय. ती बोलत नाही म्हणून त्याने इंग्रजीत, मग तेलुगूत विचारलं. अखेर ती माझ्या कानाशी लागून मराठीत म्हणाली, “त्यांना सांग, मी दुसऱ्याची सीट खाते आहे. मला थांबवा. नाहीतर मला मरू दे.” मी ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. तेवढं तरी मी केलं. ‘मरू दे’सुद्धा गाळलं नाही.

डॉक्टरने अण्णांकडे पाहिलं. “इनको रिझर्वेशन है?”

खोलीत पंखा फिरत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी सगळं संपवता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ती कदाचित कोसळली असती, कदाचित मोठ्याने हसली असती, काय झालं असतं देव जाणे, आणि आमच्याकडे तर देवही नव्हता.

“है साब,” अण्णा म्हणाले.

डॉक्टर म्हणाला, मग एवढी चिंता कशाची? पण तो काही मूर्ख नव्हता. त्याने गोळ्या लिहून दिल्या, म्हणाला हा आजार आहे, खरा आजार आहे, या वर्षी परीक्षा सोडा, मुलगी वाचवा. अण्णांनी मान डोलावली. पण गोळ्यांनी ताई सकाळी उठेना, वर्गात डुलक्या घेऊ लागली, आणि परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. तेव्हा अण्णांनी गोळी सुरीने कापून अर्धी केली. मग एक दिवसाआड. ते म्हणायचे, एकदा परीक्षा होऊ दे, मग पूर्ण घेऊ, वर्षभर घेऊ. आईला वाटलं डॉक्टरनेच तसं सांगितलं आहे. मला ठाऊक होतं की सांगितलेलं नाही. मी तेही पोटात ठेवलं. माझं पोट तेव्हा केवढं मोठं झालं होतं!

ताई मात्र शेवटच्या महिन्यात एकदम शांत झाली. अभ्यास करायची, नीट जेवायची, केसांना हात लावायची नाही. अण्णा आईला म्हणाले, “बघ, बोललो नव्हतो?” घरात पुन्हा मटण शिजलं. ताईने मला नकलासुद्धा करून दाखवल्या. आम्ही सगळे इतके आसुसलेले होतो की कुणी तिला विचारलं नाही की हे कसं काय झालं.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. आम्ही चौघं गेलो. केंद्राबाहेर आईबापांची ही गर्दी, कुणी पोथी वाचत होतं, कुणी तसबिरीला हात लावत होतं, एक बाई अंगात आल्यासारखी पुटपुटत होती. आमची आई ताकाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून बसली होती. तीन तास अण्णा उभे होते. बसलेच नाहीत.

ताई बाहेर आली ती हसत. नाकातून फुर्रकन आवाज आला तिच्या, किती महिन्यांनी. आईने ताक पुढे केलं, तिने बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली. अण्णांनी विचारलं, “कसा गेला?”

“कोरा,” ताई म्हणाली.

अण्णांना वाटलं ती थट्टा करते आहे.

“खरंच कोरा, अण्णा. नाव टाकलं, नंबर टाकला. एकही गोल काळा केला नाही. आता तिची तिला मिळेल. मी नाही घेतली.” आणि तिने आईच्या पदराने तोंड पुसलं. इतकी हलकी दिसत होती ती! तिने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून तर ती शांत झाली होती.

आई मटकन खाली बसली. अण्णांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की ते अजूनही सांगणार नाहीत. मग मी बोलले. किंचाळलेच. “तुला कोटा नव्हताच ताई! आपला दाखला इथे चालत नाही. तू कुणाची सीट घेतच नव्हतीस!”

गर्दीतली दोन-चार माणसं वळून बघू लागली. ताई आधी अण्णांकडे बघत राहिली. ते जमिनीकडे बघत होते, म्हणजे तिला उत्तर मिळालं. मग ती माझ्याकडे वळली.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“दसऱ्यापासून.”

तिने बोटांवर महिने मोजले. मी तिला ओळखते, ती गच्चीवरच्या दुपारपाशी थांबली असणार, डॉक्टरच्या खोलीपाशी थांबली असणार. मग तिने चपला काढून ठेवल्या, शेजारी शेजारी नीट, आणि तापलेल्या डांबरावरून चालायला लागली, घराच्या उलट दिशेला. आम्ही धावत जाऊन धरलं तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते आणि ती ओढणीखाली दोन्ही हातांनी केस उपटत होती. आई रस्त्यात तिला मिठी मारून मोठमोठ्याने रडत होती आणि शहर बाजूने चाललं होतं, ऑटो, स्कूटर, निकालाच्या जाहिरातींचे फलक.

तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. या वेळी गोळ्या पूर्ण होत्या. अण्णांनी बिनपगारी रजा टाकली आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर दिवसभर बसू लागले. ती त्यांना आत येऊ द्यायची नाही. एकदा मी डबा घेऊन गेले तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी चुकलो. पण तू तरी सांगायचं होतंस तिला.”

अण्णा आता नाहीत. मी त्यांचं पुष्कळ काही समजून घेतलं आहे, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं तर मी भांडते. पण हे एक वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही. बारा वर्षांची होते हो मी.

निकाल वर्तमानपत्रात आला. ताई वॉर्डात तेव्हा थोडं थोडं बोलू लागली होती, माझ्याशीही, कारण दुसरं होतंच कोण. तिने मला एकच काम सांगितलं. गिरणीवर जाऊन ये. मी दिलसुखनगरची बस धरली, गिरणी शोधली. मैत्रीण पीठ भरत होती, भुवयांपर्यंत पांढरी झालेली. तिचा नंबर आला नव्हता. बाप आता बोलत नाही, म्हणाली, मारतही नाही, गिरणीवर बसवलं आहे. मी तिला ताईने काय केलं ते सांगितलं. तिला आधी कळेना. मग ती पोत्यावर बसली. “मी एकदाच बोलले होते,” म्हणाली, “मार खाऊन आले होते त्या दिवशी. मला तर ते आठवतही नव्हतं.” दंडावरचं पीठ ती झटकत राहिली, आणि मी तिच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते ते राहून गेलं. ती सतरा वर्षांची होती. ताई सतराचीच.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आता लपवायचं नाही. जे काय व्हायचं ते खरं सांगून होऊ दे. वॉर्डात ताई खाटेवर पाय घेऊन बसली होती, डोकं पूर्ण भादरलेलं, कारण तिने धड केसच ठेवले नव्हते. तिने विचारलं, “मिळाली का तिला?”

“नाही मिळाली,” मी म्हटलं.

ती रडली नाही. एखादं गणित पुन्हा तपासावं तशी तिच्या कपाळावर आठी पडली.

“मग कुणाला मिळाली?”

ताई आता माझ्याकडे राहते, पन्नाशीला आली, गोळ्या वेळेवर घेते, घरातली भाजी तीच निवडते. पुस्तक तिने त्यानंतर कधी हातात धरलं नाही. पण महिना-दोन महिन्यांनी एखाद्या दुपारी, भाजी निवडता निवडता, ती मान वर करते आणि अगदी साध्या आवाजात मला तेच विचारते.